वीस नंबरचा अंगठा

हिशेब मांडायचा झाला तर देवदत्तराव निमगिऱ्यांना एका सहीत तीन गोष्टी मिळणार होत्या. पहिली, मुलगी श्रावणी संगणकशास्त्रात टिकणार होती. दुसरी, गेला महिनाभर घरात भाकरी थापण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता, तो अबोला सुटणार होता. तिसरी त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. नोकरी लागली म्हणून दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या माणसाला बावन्नाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसायला मिळणार होतं. आणि द्यायचं काय, तर एक सही. पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात सव्वीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला सहीचं काय वजन. दिवसाला दोनशे व्हायच्या.

प्रकरण असं होतं. श्रावणीला शिकायचा होता फौजदारी न्याय. देवदत्तरावांना हवं होतं संगणकशास्त्र. दोघांच्या मधे श्रावणीची आई राजश्रीबाई होत्या, आणि त्यांना हवं होतं की दोघांनी जेवून घ्यावं. शेवटी नव्या नियमानं तोड काढली. मुख्य विषयाला एक जोडविषय घेता येत होता, तोही दुसऱ्या शाखेचा. मुख्य विषय बाबांचा, जोडविषय श्रावणीचा, असा तह झाला. तो आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी होटगी रोडवरच्या त्या कॉलेजच्या फलकावर सूचना लागली, की फौजदारी न्याय हा जोडविषय किमान वीस विद्यार्थी झाले तरच चालेल. आजची संख्या एकोणीस. मुदत सोमवार.

"विषय बंद झाला तर मी बीएला जाते," श्रावणी ताटाकडे बघत म्हणाली. "फॉर्म भरून ठेवलाय."

देवदत्तरावांनी ती सूचना दोनदा वाचली. सूचना ते कधीच एकदा वाचत नसत. दुसऱ्या वाचनात तळाला बारीक अक्षरात सापडलं, की बाहेरच्या नोकरदार व्यक्तींनाही प्रमाणपत्रासाठी प्रवेश घेता येईल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी घेतो," ते म्हणाले.

"काय घेता?" राजश्रीबाईंनी विचारलं. त्यांना वाटलं भाजी.

"प्रवेश. नाव लावायचं फक्त. जायचं थोडंच आहे."

श्रावणीनं पहिल्यांदाच ताटावरून नजर वर घेतली. तिच्या चेहऱ्यावर आनंद आणि भीती सारख्या प्रमाणात होती. देवदत्तरावांनी फक्त आनंद नोंदवून घेतला.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ईरप्पा राहत. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे अक्कलकोटकडचे. निवृत्तीनंतरही त्यांच्या बोलण्यातून चौकशी गेली नव्हती. जिन्यात त्यांनी देवदत्तरावांना अडवलं.

"काय ओ निमगिरे, क्रिमिनल शिकायलात म्हणं?"

"फौजदारी न्याय."

"तेच की. आम्ही तीस वर्सं केलो, कोण सर्टिफिकेट दिलं नाही बघा. तुमी नुसतं बसून घेणार." मग आवाज खाली आणून, "पण एक ऐका. कुठंबी सही करताना खाली काय लिवलंय ते वाचा. माणूस अडकतो ते गुन्ह्यात नाही, सहीत अडकतो."

आवक-जावकच्या माणसाला सहीबद्दल सल्ला देणं म्हणजे काय, ते ईरप्पांच्या लक्षात आलं नाही. देवदत्तराव नुसते हसले. हे हसू त्यांना नंतर जड जाणार होतं, पण ते नंतर.

पहिला अडथळा लागला तो तेहतीस वर्षांचा. शिक्षणात एवढा खंड पडला असेल तर त्या काळात आपण काय करत होतो आणि कोणत्याही गुन्ह्यात सामील नव्हतो, असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. एक वर्ष चुकलेल्या पोरांसाठी केलेला तो नमुना होता. त्यात कारणासाठी अर्धी ओळ सोडलेली होती. 'आजारपण' किंवा 'पुन्हा परीक्षा' एवढंच तीत मावेल. देवदत्तरावांनी तीत नोकरी, लग्न, वडिलांचं निधन, श्रावणीचा जन्म आणि घराचा हप्ता इतकं बारीक अक्षरात बसवलं. कोर्टाबाहेरच्या नोटरीनं ते भिंग लावून वाचलं.

"सगळं खरं आहे?"

"शब्दन् शब्द. सव्वीस वर्षांत एका कागदावर मागची तारीख टाकलेली नाही मी."

"मी तेवढं विचारलं नव्हतं," नोटरी म्हणाले आणि शिक्का मारला.

दुसरा अडथळा पालकाचा. अर्ज भरायचा होता ऑनलाइन, आणि पालकाचं नाव आणि मोबाइल नंबर टाकल्याशिवाय तो पुढं सरकत नव्हता. कॉलेजच्या कचेरीत धम्मदीप नावाचा क्लार्क होता. नोकरीला लागून त्याला दोनच वर्षं झाली होती. पूर्वी तो देवदत्तरावांच्याच उपविभागात सहा महिने कंत्राटावर होता आणि आवक रजिस्टर कसं भरायचं ते त्यांच्याकडूनच शिकला होता. त्यामुळं तो त्यांना मान द्यायचा आणि नियम दाखवायचा, दोन्ही एकाच सुरात.

"काका, पालक पाहिजेच."

"मीच पालक आहे रे. श्रावणीचा."

"श्रावणीचे तुम्ही. तुमचं कोण?"

या प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते जेऊरला राहत होतं. मुक्ताबाई निमगिरे, वय अठ्ठ्याहत्तर. चार एकर केळी, एक मोटर पंप आणि एक साधा फोन एवढा त्यांचा कारभार. देवदत्तरावांनी त्यांचा नंबर टाकला, आणि अर्ज पुढं सरकला. रॅगिंग करणार नाही, या हमीपत्रावर पालकाची सही लागणार होती म्हणून कागद जेऊरला एसटीच्या माणसाबरोबर पाठवला. मुक्ताबाई प्रौढांच्या वर्गात साठाव्या वर्षी सही शिकल्या होत्या. अंगठा उठवायला त्या कुठंच तयार होत नसत. सही करायला त्यांना पाव तास लागे आणि तेवढ्यात त्या सगळा कागद कुणाकडून तरी वाचून घेत.

"देवा," त्यांचा फोन आला, "तू कुणाला मारणार न्हाईस आसं मी लिहून दिलंय. आता मारू नगंस."

सोमवारी विषय सुरू झाला. विद्यार्थी वीस. हजेरीची अट पंच्याहत्तर टक्के, आणि ती वीसही जणांना. ही अट सूचनेच्या मागच्या बाजूला होती. सूचनेला मागची बाजू असते हे देवदत्तरावांना सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

तर जाणं आलं. तास सकाळी सात वीसला. स्कूटरवर पुढं देवदत्तराव, मागं श्रावणी. फाटकापाशी ती उतरून पुढं पळायची आणि देवदत्तराव स्कूटर लावून सावकाश यायचे. वर्गात ती शेवटच्या बाकावर, हे पहिल्या. मधे अठरा मुलं आणि एक पिढी.

शिकवायला चैताली मॅडम होत्या. वकिली करत आणि तासांवर शिकवत. वय तिशीच्या आत, बोलणं तोडून. विषय चालला तरच त्यांचं काम चालणार होतं, त्यामुळं वीस या आकड्यावर त्यांचंही लक्ष असे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक छापील टिपण वाटलं. देवदत्तरावांनी ते घेतलं, पिशवीतून आपलं छोटं रजिस्टर काढलं, टिपणावर आवक क्रमांक एक टाकला, तारीख आणि वेळ लिहिली, आणि रजिस्टर मॅडमपुढं धरलं.

"हे काय?"

"कागद मिळाल्याची नोंद. देणाऱ्याची सही लागते."

मागच्या बाकावर श्रावणीनं वहीत तोंड घातलं. मॅडमनी सही केली. मग वर्गाकडं वळून म्हणाल्या, "पुरावा कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला याची अखंड नोंद ठेवतात, ती ही अशी. आजचा धडा काकांनीच घेतला." त्या दिवसापासून रोज एक टिपण आणि रोज एक सही चालू झाली. देवदत्तरावांना तेहतीस वर्षं वाया गेली नाहीत असं वाटलं. श्रावणीला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. घरी अबोला सुटला होता तो पुन्हा बसला.

अडचण आली ती अंगठ्याची. वर्गाच्या दारात हजेरीचं मशीन होतं. अंगठा ठेवला की आतली बाई "धन्यवाद" म्हणायची. देवदत्तरावांनी अंगठा ठेवला की ती म्हणायची, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." त्यांनी प्रयत्न केले. उजवा, डावा, पुसून, फुंकर मारून. सव्वीस वर्षं ओल्या स्पंजावर अंगठा घासून पानं उलटलेली, शिक्क्याच्या शाईत बोटं बुडालेली. अंगठ्यावर रेघच उरली नव्हती. चैताली मॅडमनी भिंगातून तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काका, तुम्ही दरोडा घातला असता तर सापडला नसता."

"मी प्रतिज्ञापत्र दिलंय," देवदत्तराव म्हणाले.

मॅडमना गंमत वाटली, पण मशीनला वाटत नव्हती. ते रोज गैरहजेरी लावत होतं, आणि रोज आठ वाजता पालकाच्या मोबाइलवर त्याचा निरोप जात होता. जेऊरला शेजारची निंगव्वा तो वाचून दाखवायची. सव्वाआठला देवदत्तरावांचा फोन भर वर्गात थरथरायचा.

"देवा, आजबी शाळंत गेला न्हाईस व्हय?"

"आई, मी शाळेतच बसलोय," ते बाकाखाली वाकून सांगायचे.

"मग हे तुझं नाव घालून काय म्हनायलंय? 'आपला पाल्य गैरहजर.' निंगव्वा समद्या गल्लीत वाचती की."

"मशीन खोटं बोलतंय."

"मशीन कशाला खोटं बोलंल, त्याला काय पडलंय. लहानपनी बी तू तळ्यावर जायचास."

दोन आठवड्यांत धम्मदीपनं बोलावून सांगितलं, की काका तुमची हजेरी शून्य आहे, आणि असंच चाललं तर नाव पटावरून जाईल. म्हणजे एकोणीस. म्हणजे विषय बंद, मॅडमचं काम बंद, आणि श्रावणी बीएला.

अशा वेळी दुसरा माणूस हादरला असता. देवदत्तरावांना उलट बरं वाटलं, कारण आता अर्ज करायची वेळ आली होती आणि अर्ज हे त्यांचं हत्यार. अठरा ऑगस्टला त्यांनी दीड पानी अर्ज केला. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयान्वये. अंगठ्याची झीज ही शासकीय सेवेत झालेली असल्यानं ती सहानुभूतीपूर्वक विचारात घ्यावी, असा मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात घातला. धम्मदीपकडून पोच घेतली. कागद घेतल्याची सही म्हणजे पोच, आणि पोचेशिवाय देवदत्तरावांनी आयुष्यात कोणाला काही दिलं नव्हतं.

आणि चमत्कार झाला. एकवीस ऑगस्टपासून हजेरी लागू लागली. स्कूटर लावून ते दारात पोचले तेव्हा श्रावणीच सांगत आली, "बाबा, तुम्ही आता अंगठा दाबायचाच नाही. तुमच्या अर्जावरून तुमची आपोआप लागते."

"आपोआप?"

"विशेष बाब म्हणून."

विशेष बाब हा शब्द देवदत्तरावांच्या मनात तीन दिवस गोड वाजत राहिला. रांगेत पोरं अंगठे दाबत उभी असत आणि ते हात मागं बांधून बाजूनं आत जात. इमारतीत त्यांनी जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी, जो भेटेल त्याला सांगितलं, की अर्ज नीट लिहिला तर यंत्रसुद्धा ऐकतं. ईरप्पा म्हणाले, "मशीन ऐकलं म्हणजे आत कोणतरी बसलंय ओ." देवदत्तरावांनी ते पोलिसी संशयाच्या खात्यात टाकलं.

बारा सप्टेंबरला ते रजा घेऊन जेऊरला गेले. मुक्ताबाईंच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि पट्टी सोडायची होती. सव्वाआठला अंगणात बसून दोघं चहा पीत असताना निंगव्वा फोन घेऊन आली.

"आज्जी, मेसेज आलाय. देवदत्त वर्गात उपस्थित हाय."

मुक्ताबाईंनी एका डोळ्यानं समोर पाहिलं. मुलगा बशीत चहा ओतत होता.

"आरं, तू हितं बसलायस, आन शाळा म्हनती तू तितं हाईस."

"विशेष बाब आहे आई. तुला नाही समजायचं."

"व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या. "मला न्हाय समजत. डोळा बांधलाय म्हनून म्हनते, तू खरंच हितं हाईस का?"

सप्टेंबरअखेर चैताली मॅडमनी प्रात्यक्षिक दिलं. त्याच हजेरीच्या मशीनमधली सगळी नोंद त्यांनी छापून आणली होती. सेकंदापर्यंतच्या वेळा होत्या. नावांच्या जागी अक्षरं घातली होती, क पासून पुढं वीस. "यात कोणी गडबड केलीय का शोधा," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक नाही. असलीच तर सापडेल." पोरं लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम लिहायला बसली. देवदत्तरावांनी पट्टी आणि लाल पेन्सिल काढली.

आता रजिस्टर वाचणं ही काय चीज आहे ते ज्यांनी वाचलंय त्यांनाच कळेल. पोरांचे प्रोग्रॅम चालू व्हायच्या आत देवदत्तरावांची पट्टी थांबली होती. 'ट' नावाची व्यक्ती 'च' नंतर येत होती. कधी चार सेकंदांनी, कधी पाच. रोज. पाऊस असो, सोमवार असो. माणूस माणसाच्या मागं इतका नियमानं चालत नाही. एकच माणूस दोन बोटं ठेवत होता.

त्यांना कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. घरी जाऊन त्यांनी तीन पानी टिपणी लिहिली. 'सबब, "ट" ही व्यक्ती केवळ कागदावर अस्तित्वात असून तिचा प्रत्यक्षात कोणताही मागमूस आढळून येत नाही. "च" यांनी संस्थेची उघड फसवणूक केली असून, त्यांच्यावर इतरांना जरब बसेल अशी कठोर कारवाई व्हावी, ही विनंती.' शेवटचं वाक्य त्यांनी राजश्रीबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. श्रावणी पाणी प्यायला उठली ती बराच वेळ परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला टिपणी धम्मदीपकडं दिली आणि पोच घेतली. अकराला उपविभागात जाऊन बसले. शिक्का शाईत बुडवला, तारखेची चक्री फिरवली, आणि हात तिथंच थांबला.

'ट' पहिले दोन आठवडे नव्हता. एकवीस ऑगस्टपासून सुरू झाला.

आणि बारा सप्टेंबरला होता. विशेष बाब म्हणून.

शिक्का तसाच हातात धरून ते खुर्चीत बसून राहिले. शाईचा एक थेंब एका शेतकऱ्याच्या पाणी अर्जावर पडला. सव्वीस वर्षांतला तो पहिला डाग.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्कूटर कॉलेजला पळवली.

"धम्मदीप, ती सकाळची टिपणी जरा परत दे. एक दुरुस्ती आहे."

धम्मदीपनं त्यांच्याकडं आदरानं पाहिलं. "काका, आवक झालेला कागद परत देता येत नाही."

"अरे, आज सकाळचाच तर आहे."

"तुम्हीच शिकवलं. देगावचे ते म्हातारे रडत होते अर्ज परत द्या म्हणून, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? आत आलेला कागद संस्थेचा, देणाऱ्याचा नाही. मी वहीत लिहून ठेवलंय." मग रजिस्टर मिटून, "आणि तसाही तो मॅडमकडं गेला. त्यांना लई आवडला. शनिवारी प्राचार्यांसमोर अभिरूप न्यायालय आहे, त्यात तोच वापरणार आहेत. फिर्यादी पक्षाकडून तुम्ही."

देवदत्तरावांनी त्या टेबलापुढं उभं राहून आपल्या सव्वीस वर्षांच्या शिस्तीचा पुरेपूर अनुभव घेतला.

श्रावणी गच्चीवर सापडली. दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"डावा अंगठा?" त्यांनी विचारलं.

तिनं टॉवेलची घडी घातली. "हो."

"कधी?"

"धम्मदीपदादांनी मशीन बघायला दिलं होतं, तू कॉम्प्युटरची ना म्हणून. तुमच्या नंबरावर जागा रिकामीच होती. मी माझं बोट घातलं. तुमची हजेरी नसती तर विषय गेला असता, बाबा."

"पण अर्ज केला होता ना मी."

श्रावणीनं दोरीवरचा पुढचा कपडा ओढला. मग म्हणाली, "तुमचा अर्ज त्यांच्या टेबलावर होता. चहाच्या कपाखाली. अजून आहे."

गुन्हा कळल्यावर देवदत्तरावांना जे वाटलं होतं, त्याहून हे जास्त लागलं. दीड पान. उपरोक्त विषयान्वये.

"नियम काय आहे?" त्यांनी विचारलं.

"खोटी हजेरी लावली तर वर्षाच्या सगळ्या परीक्षांना बंदी. कॉम्प्युटरच्या पण."

खाली राजश्रीबाईंनी दोघांना चहाला हाक मारली. कुणी गेलं नाही. त्याच संध्याकाळी जिन्यात देवदत्तरावांनी ईरप्पांना एका अनोळखी माणसाची गोष्ट म्हणून सगळं विचारलं. ईरप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या अनोळखी माणसाला सांगा," ते म्हणाले, "गुन्हा आपल्या अंगावर घेणारे बाप मी लई बघितलो. एकबी नीट खोटं बोलला नाही बघा. सवय पाहिजे त्याला."

शनिवारी सभागृहात प्राचार्य न्यायाधीशाच्या जागी बसले. टेबलावर पुरावा म्हणून हजेरीचं मशीन आणून ठेवलं होतं. चैताली मॅडमनी टिपणीचं कौतुक केलं आणि फिर्यादी पक्षाला बोलावलं. देवदत्तराव इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. तीन पानं हातात धरली आणि न वाचता खाली ठेवली.

"टिपणीत एक चूक आहे," ते म्हणाले. "'च' यांचा काही दोष नाही. 'ट' म्हणजे मी. हजेरी मीच लावत होतो. एकट्यानं."

मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं, मग शेवटच्या बाकाकडं. त्यांना कळलं असावं, पण वकील माणूस समोर साक्षीदार आल्यावर थांबू शकत नाही.

"कोणत्या अंगठ्यानं?"

"डाव्या."

"ठेवून दाखवा."

देवदत्तरावांनी डावा अंगठा मशीनवर ठेवला. आतली बाई म्हणाली, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. शर्टाला पुसून केला, फुंकर मारून केला. एकोणीस विद्यार्थी आणि एक प्राचार्य बघत असताना, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला निघालेल्या माणसाला एक बाई चार वेळा नम्रपणे म्हणाली, की जमत नाहीये.

"कबुलीला पुराव्याचा आधार लागतो, हे तिसऱ्या आठवड्यात झालंय काका," मॅडम हळू म्हणाल्या. "टिपण क्रमांक अकरा."

"बारा," देवदत्तराव सवयीनं म्हणाले.

मागचं बाक सरकल्याचा आवाज झाला. श्रावणी पुढं आली. वडिलांकडं न बघता तिनं डावा अंगठा ठेवला. "धन्यवाद," बाई म्हणाली, आणि पडद्यावर देवदत्त निमगिरे यांचा पासपोर्ट फोटो उमटला. कानाला केस, गळ्यापर्यंत बटण.

पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं, असं देवदत्तरावांना वाटलं.

प्राचार्यांनी नियमाचं पुस्तक मागवलं. वर्षभराची बंदी त्यात स्पष्ट होती, आणि विसावा विद्यार्थी खोटा ठरला तर विषय बंद, तेही स्पष्ट होतं. तेव्हा चैताली मॅडमनी एक गोष्ट विचारली. "सर, आरोप असा आहे की गैरहजर माणूस हजर दाखवला. पण काका गैरहजर होते का?" आणि देवदत्तरावांकडं वळून, "रजिस्टर आणलंय?"

रजिस्टर पिशवीत होतंच. पिशवी सोडून ते कुठंच जात नसत. प्राचार्यांनी पान पान उलटलं. रोजचं टिपण, क्रमांक, तारीख, वेळ, आणि देणाऱ्याची सही. चैताली मॅडमची, पहिल्या दिवसापासून. एकवीस ऑगस्टनंतर माणूस रोज समोर बसला होता. फक्त एका दिवसाची जागा रिकामी होती आणि तिथं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'रजा. जेऊर. आईचा डोळा.'

"म्हणजे खोटी हजेरी भरली एका दिवसाची," प्राचार्य म्हणाले. ते मूळचे गणिताचे होते. एकाला एकच म्हणायची त्यांना सवय होती. "बाकीचे दिवस, खऱ्या माणसाची खरी हजेरी चुकीच्या बोटानं लागली."

निकाल त्याच दुपारी लागला. श्रावणीची परीक्षा वाचली, पण या विषयातले प्रात्यक्षिकाचे पंचवीस गुण गेले. शिवाय झिजलेल्या बोटांच्या माणसांची हजेरी कशी घ्यावी, याचा प्रोग्रॅम तिनं सहामाहीत लिहून द्यायचा. वीस नंबरची हजेरी यापुढं वहीत, सहीनं. आणि दोघा विद्यार्थ्यांच्या पालकांनी समक्ष येऊन हमी द्यायची. श्रावणीच्या पालकांनी तिथल्या तिथं दिली. राहिलं देवदत्तरावांचं.

मुक्ताबाई मंगळवारी आल्या. गर्दीच्या डब्यात तीन तास, डोळ्यांवर हिरवा चष्मा, हातात केळीचा घड. प्राचार्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि नियमाप्रमाणं सगळं वाचून दाखवलं. माझ्या पाल्यानं तपासात खोटं निवेदन केलं असून, यापुढं त्याच्या वर्तनाची जबाबदारी पालक म्हणून माझ्यावर राहील. पाल्य कोपऱ्यात उभा होता. टक्कल पडलेला.

मुक्ताबाईंनी सगळं ऐकलं. मग नातीकडं पाहिलं, मग मुलाकडं.

"खोटं बोललास?"

"हो आई."

"जमलं का?"

"नाही."

"व्हय. तुझ्या बाला बी जमत नव्हतं." आणि प्राचार्यांना, "साहेब, ह्येची हमी मी अजून किती वर्सं द्यायची? न्हाई, डोळा आत्ता कुठं उघडलाय. पुढचं दिसाया लागलंय म्हनून इचारते."

प्राचार्य म्हणाले, सहामाही संपेपर्यंत. मुक्ताबाईंनी पेन हातात घेतलं. मु काढायला एक मिनिट, क्ताला दोन. कचेरीतला पंखा गरगरत होता आणि दोन पिढ्या त्या पेनाकडं बघत उभ्या होत्या.

आता शेवटचा आकडा. देवदत्तरावांना हवं होतं ते सगळं मिळालं. श्रावणी संगणकशास्त्रात आहे आणि इतकी आहे, की झिजलेल्या बोटांच्या प्रोग्रॅममधून जेवायलाही उठत नाही. अंगठ्यावर प्रयोग करायला वडील लागतात म्हणून बोलतेही. बीएचा फॉर्म रद्दीत गेला. चैताली मॅडमचं काम टिकलं. देवदत्तराव अजून पहिल्या बाकावर बसतात. भरलं ते असं. श्रावणीनं पंचवीस गुण भरले. देवदत्तरावांनी अर्जावरची श्रद्धा भरली, आणि वर एक खोटं, जे घ्यायला कोणी तयारच नव्हतं. उपविभागात हल्ली एखादा म्हातारा दिलेला कागद परत मागायला आला, तर ते इकडंतिकडं बघून देऊन टाकतात. तेवढी एक नोंद मागच्या तारखेत जाते. आणि मुक्ताबाईंनी सहा तासांचा प्रवास, उघडलेला एक डोळा आणि आपलं नाव भरलं.

सही झाल्यावर त्यांनी कागद लगेच दिला नाही. धम्मदीपनं हात पुढं केला तर म्हणाल्या, "आधी पोच दे."

धम्मदीपनं देवदत्तरावांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्यानं पोच लिहिली, शिक्का मारला. मुक्ताबाईंनी ती चष्म्याजवळ धरून पाहिली, चार घड्या केल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. या सगळ्या प्रकरणात आपण काय भरलं याचा कागद फक्त त्यांच्याकडं आहे.